मागून बघितलेला खेळ

५ मार्च, बुधवार

बी-चू,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यावर शिक्का. मला तू "संबंधित बाह्य प्रशिक्षक" म्हटलंयस. मी स्वतः वाचलं, मग शाळेतल्या लिआव बाईंकडून परत वाचून घेतलं, म्हटलं माझंच वाचणं चुकत असेल. चुकत नव्हतं. खाडीकाठच्या प्राथमिक शाळेतला बुधवारचा चौथा तास, हातबाहुल्यांचा, मे महिन्यात तपासणार. उपयोग दिसला नाही तर सप्टेंबरपासून तो तास वाचन-सुधारला देणार. खाली सही, क्वे बी-चू, विभागप्रमुख. सही मी लगेच ओळखली. आपल्या आडनावाची शेवटची रेघ तू बाबांसारखीच वर उडवतेस.

सगळ्या शहरात ही पत्रं गेलीत म्हणे. कुठे चित्रकलेचा तास, कुठे ढोलाचा, कुठे गाण्याचा. म्हणजे मला एकटीला धरलेलं नाहीस, एवढंच समाधान.

तुझा कागद विचारतो, या तासाचा उपयोग काय. कागदाने विचारलं तर ठीक आहे, त्याला कोण बाप नाही. तू बाहुलीवाल्या क्वे थिआनची मुलगी. तुझी दुपटी आपल्या रंगमंचाच्या मागच्या दोरीवर वाळली. तू हे विचारतेस.

माझ्या वर्गात सव्वीस पोरं आहेत. बाप बोटीवर, आया शेडमध्ये दूधमाशाचे काटे काढतात. शहराच्या त्या अंगाला जी पोरं आहेत त्यांच्या शाळेतून गाण्याचा तास काढलास तर त्यांच्या आया संध्याकाळी गाडीत घालून त्यांना व्हायोलिनच्या शिकवणीला नेतील. त्यांचं काही अडायचं नाही. इथल्या पोरांना संध्याकाळी कोण कुठे नेणार आहे? त्यांना बुधवारचा चौथा तास आहे आणि तोच आहे. शहराच्या शाळेत नाही मिळालं म्हणजे कुठेच नाही मिळालं. हे कळायला बावीस वर्षं खात्यात बसावं लागत नाही.

दर बुधवारी मी दारात उभी राहून सगळ्यांची नखं बघते. बाबा बघायचे तशी. वाढलेली असली की परत पाठवते. नख कापडात अडकलं की बाहुलीची मान वळत नाही, हे तुला सांगायला नको.

मी तिसरीत शाळा सोडली, हे तुला ठाऊक आहे. बाबांनी दोघींतून मला खेळात ठेवलं कारण हात माझा होता. तुला डोकं होतं म्हणून तुला काकूकडे शाळेला धाडलं. ज्याचं त्याला मिळालं. मी कधी तक्रार केली नाही. मग माझ्या हातातलं आता तू का काढून घेतेस?

उत्तर दे. शिक्का न मारता.

किम-थो


२० मार्च

बी-चू,

तुझ्या पत्राबरोबरचा फॉर्म भरून पाठवला होता, तो परत आला. "रकाने अपूर्ण." एवढंच, आणि तुझी सही. बरं, रकाने पूर्ण करते.

रकाना एक, सत्राआधी आणि सत्रानंतर मोजमाप. मी लिहिलं, सप्टेंबरात बाहुली मेलेल्या कोंबडीसारखी लोंबकळत होती, आता पायऱ्या उतरते.

रकाना दोन, इतर विषयांशी सांगड. यावर मुख्याध्यापक तेंग यांनी मला खोलीत बोलावून चहा दिला. चहा दिला की समजायचं, काहीतरी खोटं लिहून हवं आहे. माणूस वाईट नाही, पण खात्याचा फोन वाजला की खुर्चीतून अर्धा उठतो.

"मावशी," ते म्हणाले. लिआव बाई एकोणतीस वर्षांच्या, त्यांना ते बाई म्हणतात. मी छप्पन्नची, अकरा वर्षं या शाळेत शिकवते, मी मावशी. "एवढं लिहून टाका ना, गणितात सुधारणा झाली म्हणून. सगळ्या शाळा लिहितात."

"झालीये का सुधारणा?"

"कोण बघायला येतंय?"

"पिन-यूला मागच्या खेपेला सत्तेचाळीस होते. या खेपेला एकेचाळीस आहेत. लिहू?"

"नको, नको. तिचं नाव तर नकोच."

तिचं नाव नको, कारण ती वाघाच्या बाहुलीला तेंग सरांचा आवाज देते. हुबेहूब. वाघ माणूस गिळायच्या आधी घसा खाकरतो आणि म्हणतो, "असं आहे बघा." सगळा वर्ग बाकांवरून पडतो. सरांनाही माहीत आहे. दाराबाहेर उभे राहून त्यांनी ऐकलंय आणि ते हसताना मी बघितलंय.

तर मी लिहिलं, गणिताशी सांगड नाही. गणिताचं गणित बघेल. आमच्याकडे काय होतं ते लिहिते. पोराच्या उजव्या हातात एक बाहुली, डाव्या हातात दुसरी. उजवा मारतो, डावा मार खातो, आणि दोन्ही त्याचेच. मारणाऱ्याला वाटलं आपणच खरे, तरी डाव्याला त्याची वेळ द्यावीच लागते, नाहीतर खेळ तिथेच मरतो. डाव्याची बाजू पण मनापासून बोलावी लागते. हे कुठल्या पुस्तकात शिकवतात ते मला दाखव, मी उद्या तास सोडते. तुझ्या खात्यात किती जणांना हे येतं ते पण एकदा मोज.

लिआव बाई म्हणाल्या हे रकान्यात मावणार नाही. मी मागच्या पानावर लिहिलं. मग त्यांनी माझं शुद्धलेखन सुधारायला घेतलं. मी म्हटलं राहू दे, तिला माझं अक्षर ओळखता आलं पाहिजे.

किम-थो


६ एप्रिल

बी-चू,

परवा, पितरांच्या दिवशी, बाबांच्या थडग्यावर गेले. मी सात वाजता पोचले आणि तू येऊन गेलेली होतीस. गवत उपटलेलं, पिवळे कागद दगडांखाली नीट दाबलेले, दोन पेरू, आणि त्यांच्यासाठी पेटवून ठेवलेली सिगारेट राख होऊन पडलेली. मागच्या वर्षीही असंच. तू उजाडायच्या आधी येतेस म्हणजे माझं तोंड बघायला नको. मी मुद्दाम उशीर करते असं तुला वाटतं का? मी गुडघ्यामुळे उशिरा येते.

भाज्या घालून पोळ्या गुंडाळल्या होत्या, शेंगदाण्याचा कूट तुझ्या पोळीत जास्त. तुझा वाटा पेरूंशेजारी ठेवला. मी टेकडी उतरेपर्यंत कुत्र्याने खाल्ला असणार.

तुझं कार्ड मिळालं. "नियम सगळ्यांना सारखे आहेत. १४ मेला मी स्वतः येईन." सख्ख्या बहिणीला लिहायची ही भाषा झाली? कार्यालयाच्या भाषेत बोलून बोलून तुझी जीभ इस्त्री केल्यासारखी झाली आहे.

थडग्यापाशी उभी होते तर ते आठवलंच. नऊ वर्षांपूर्वी, याच जागी, बाबांना मातीत ठेवून झाल्यावर, तू माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस. बाहुल्यांच्या पेटीतली योद्धी. लाल अंगरख्याची, कानामागे रंग उडालेली, जिच्यावर तू लहानपणी हात बसवलास. पेटी नाही, पडदे नाहीत, एक बाहुली. आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "ऑफिसातल्या बाईला बाहुली कशाला? फायली नाचवणार आहेस का तिच्याकडून?" लोक हसले. तू छत्री उघडलीस आणि गेलीस. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

मी म्हटलं ते म्हटलं. मी काही माफी मागायला हे लिहीत नाही. पण तो राग माझ्यावर काढ, सव्वीस पोरांवर काढू नकोस.

किम-थो


१४ मे, बुधवार

बी-चू,

तू दुपारी गेलीस आणि मी अजून शाळेच्या ओट्यावर बसले आहे, बाहुल्या पेटीत भरायच्या आहेत. आत्ताच लिहिते, नाहीतर घरी जाऊन मी हे फाडेन.

तेंग सर म्हणतात मी मुद्दाम केलं. शाळेची नाचक्की केली. तुझी ती दोन माणसं, चष्मेवाला आणि दुसरा जो सारखा पाणी पीत होता, त्यांनाही तसंच वाटलं. तुला काय वाटलं ते तुझ्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून सांगते.

सकाळी सहाला येऊन मी रंगमंच मांडला. मागच्या भिंतीपाशी भूमिदेवाचं छोटं देऊळ आहे, शाळेच्याही आधीचं. मी रंगमंच त्याच्याकडे तोंड करून मांडला. विचारच केला नाही, बी-चू. चाळीस वर्षं मांडते तसा मांडला. रंगमंचाचं तोंड देवाकडे असतं, माणसं उरलेल्या जागेत बसतात, आणि माणसं नसली तरी खेळ होतो. तेंग सरांनी आदल्या दिवशीच खुर्च्या दुसऱ्या बाजूला, झाडाच्या सावलीत लावल्या होत्या. लाल कापड घातलेलं टेबल, पाण्याच्या बाटल्या. मी त्या बघितल्या पण माझ्या डोक्यात शिरलं नाही की त्या कशासाठी आहेत. मला वाटलं जेवणासाठी.

तुम्ही येऊन बसलात तेव्हा देवांचा प्रवेश सुरू झाला होता. तुमच्यासमोर रंगमंचाची पाठ.

तेंग सर धावत आले. "मावशी, फिरवा. पटकन फिरवा."

"देव आलेत. आता हलत नाही."

"बाहुल्याच आहेत त्या."

"मग तुम्ही फिरवा."

त्यांनी हात लावला नाही. भूमिदेवाला दर महिन्याला उदबत्ती लावतात ते, सगळ्यांना माहीत आहे.

मी मुद्दाम केलं नाही. मी विसरले. मला खेळ दाखवायचा होता आणि बघणारी माणसं कुठे बसतात हेच मी विसरले. एवढ्या वर्षांत एवढी मोठी चूक माझ्याकडून झाली नाही आणि झाली ती आजच. तुझ्यासमोर. तू ही ओळ परत वाचणार, मला माहीत आहे. वाच.

तर तुम्हाला बाहुल्या दिसल्याच नाहीत. तुम्हाला काय दिसलं ते मी बाजूने बघत होते. सव्वीस पाठी दिसल्या. स्टुलावर चढलेली, बूट काढून फेकलेली पोरं, मोज्यांना भोकं. झांजा वाजवणारीची जीभ ओठांतून बाहेर. एकमेकांना कोपराने ढोसणं. आणि मग यी-शानच्या हातातून योद्धी निसटली, वाघाशी लढाई ऐन रंगात असताना. यी-शान थिजली. पिन-यूच्या उजव्या हातात वाघ होता. तिने खाली बघितलंसुद्धा नाही, डावा हात खाली घातला, योद्धी उचलली, आणि दोन्ही बाजू एकटीने लढवल्या. तेंग सरांचा आवाज उजवीकडून, पोरीचा आवाज डावीकडून. श्वास कुठे घेत होती देव जाणे. यी-शान रडत होती तर पिन-यूने लढता लढता तिला पायाने ओढून जवळ घेतलं आणि वाघ मरायच्या आत योद्धी तिच्या हातात परत घातली. शेवटचा वार यी-शाननेच केला.

पुढून बघणाऱ्याला काही कळलंच नसतं. पुढे कुणी नव्हतंच. भूमिदेव होते.

चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, आपण चुकीच्या बाजूला बसलोय. उठायचं का?"

तू म्हणालीस, "असू द्या."

एवढंच ऐकलं मी. मग शेवटी "धन्यवाद" म्हणालीस, तेही सगळ्यांना मिळून. माझ्यापासून चार पावलांवर उभी होतीस. तुझी नखं मी बघितली. लांब, गुलाबी, एकेक नख चहाच्या चमच्याएवढं. बाबांनी तुला दारातून परत पाठवलं असतं.

पिन-यूने तू गेल्यावर मला विचारलं, "त्या बाई चिडल्या का?"

मी म्हटलं, "त्या जन्मापासून तशाच आहेत."

किम-थो


४ जून

अहवाल आला. "सादरीकरण प्रेक्षकाभिमुख नाही. मोजता येण्याजोगे परिणाम नाहीत. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र नाही. वर्ग बंद करण्यात यावा."

तू तिथे बसली होतीस. तू ते बघितलंस आणि तरी हे लिहिलंस.

लिआव बाई पुढचं वाचत होत्या, मी म्हटलं बास. आजच्या तासाला मी पोरांना काही सांगितलं नाही. नखं बघितली आणि नेहमीचं शिकवलं. पिन-यूने नवा आवाज काढलाय. तो तुझा आहे. "असू द्या." तिला तो इतका जमतो की मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

यापुढे पत्र लिहिणार नाही.


११ जून

बी-चू,

लिहिते आहे. कारण दोन गोष्टी झाल्या.

पहिली. लिआव बाईंनी मला आज बळेच बसवून अहवालाचं चौथं पान वाचून दाखवलं. अगदी तळाला, बारीक अक्षरात. "परंतु ही कला स्वतः अवगत असलेली प्रमाणपत्रधारक व्यक्ती स्वेच्छेने जबाबदारी घेत असल्यास वर्ग पुढे चालू ठेवता येईल."

लिआव बाई म्हणाल्या, "अशी व्यक्ती अख्ख्या तैवानात कुठे असणार, मावशी? उगाच घातलेली ओळ आहे."

चष्मेवाल्याला ही ओळ सुचणार नाही. पाणी पिणाऱ्याला तर नाहीच. तेंग सर म्हणाले की तू जुलैत निवृत्ती घेते आहेस, नोकरीची तीस वर्षं भरली, आणि त्यातली पहिली आठ, खात्यात जायच्या आधी, तू शाळेत शिकवलंस म्हणून प्रमाणपत्र तुझ्याकडे आहेच. म्हणजे तुला बोलायचं होतं आणि तू ते कलम करून पाठवलंस. चौथ्या पानावर. तळाला. मी तिसरीत शाळा सोडलेली बाई, आणि तू मला बारीक अक्षरात बोलावतेस. तोंडाने बोलली असतीस तर काय झिजली असतीस? सात दिवस मी तुला शिव्या दिल्या. त्या मी परत घेत नाही.

दुसरी गोष्ट फोटोची. त्या दिवशी लिआव बाईंनी फोनवर काढलेले फोटो आज दाखवले. एकात तुम्ही तिघं खुर्च्यांवर. चष्मेवाला घड्याळ बघतोय. तुझी फाइल मांडीवर, डावा हात फाइलवर, आणि उजवा हात फाइलच्या खाली. लिआव बाईंना ते काही नव्हतं. मी तो मोठा करून मागितला. तर्जनी सरळ वर, अंगठा एका बाजूला, बाकीची तीन बोटं दुसऱ्या बाजूला. बाहुलीची मान पेलते ती तर्जनी, टोकाशी किंचित वाकलेली. योद्धी वार चुकवताना मान अशीच घालते. पिन-यू खाली बाहुली उचलत होती तेव्हाचा तो फोटो आहे, आणि तुझ्या हातात ती आधीच उभी होती.

मग मी घरी आले आणि तेव्हापासून बसले आहे. पहिल्या पत्रात हात माझा होता म्हणून मी तुला जे लिहिलं ते खोटं आहे. तुला ते खोटं आहे हे माहीत आहे की नाही हे मला पंचेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

तू आठ वर्षांची होतीस. मीठवाड्याच्या देवळासमोर वाघाचा खेळ होता. बाबांच्या हाताला कळ आली म्हणून त्यांनी योद्धी तुझ्याकडे दिली. तू स्टुलावर चढलीस. समोर बायका लेकरांना भरवत होत्या, त्यांचे हात तसेच राहिले. पेटी भरताना बाबा म्हणाले, "हिला देवाने हात दिलाय." माझ्याबद्दल ते म्हणायचे, "बरं करते." मी अकरा वर्षांची होते आणि बरं करत होते.

पुढच्या आठवड्यात मी बाबांना सांगितलं की बी-चू शाळेसाठी रडते. तू रडत नव्हतीस. तू एकदाही शाळेचं नाव काढलं नव्हतंस. काकूच्या गाडीत बसताना तू रडलीस तेव्हा बाबांना वाटलं घर सुटतंय म्हणून. मला माहीत होतं कशासाठी. मी मागे उभी राहून पेटीच्या कड्या लावत होते. नऊ वर्षांपूर्वी तू एक बाहुली मागितलीस तेव्हा मी लोकांना हसवलं, कारण मला भीती वाटली की तू सगळ्यांसमोर तिच्यात हात घालशील आणि सगळ्यांना दिसेल.

आणि ऐक, मला शाळाही हवी होती. काकूकडून तू पत्रं पाठवायचीस ती मला वाचता यायची नाहीत, देवळातल्या पुजाऱ्याकडून वाचून घ्यायची. तो गाळून वाचायचा. तू काय लिहायचीस ते मला अजून ठाऊक नाही. आपल्या घरात एकच पोर शाळेत जाणार आणि एकच खेळात राहणार असं ठरलेलं होतं, म्हणून मी ढकललं. तुला पुस्तक मिळालं, मला बाहुली, आणि दोघी अर्ध्या राहिलो. एक फायलीखाली हात लपवते, दुसरी छप्पन्नाव्या वर्षी शुद्धलेखन सुधारून घेते.

पिन-यूला कुणी ढकललं नाही. तिसऱ्या तासाला तिला गणितात एकेचाळीस मिळतात, घंटा होते, आणि चौथ्या तासाला ती एकटी दोन बाजू लढवते. त्याच इमारतीत, त्याच बाकांवर. तिला यातलं एक निवड असं कुणी म्हणत नाही, आणि फी भरायला कुणी सांगत नाही. शहराची शाळा याच्यासाठी असते. उपयोगाचा रकाना होता ना, त्यात हे घाल. मला आत्ता सुचलं. मोजता येत नसेल तर तू आणि मी दोघी शेजारी उभ्या राहू, त्यांना म्हणावं मोजा.

माफीबिफी मी लिहिणार नाही, मला ती भाषा येत नाही. आंबे आलेत, त्यातले निवडून ठेवले आहेत.

पहिला तास ३ सप्टेंबरला, बुधवारी, अकरा वीसला. प्रमाणपत्र तुझं, म्हणून बाई तू. मी मागे बसून झांजा वाजवीन. रंगमंच देवाकडेच तोंड करून राहील, यात काही बदल होणार नाही. योद्धी उजवीकडून तिसऱ्या खुंटीला आहे. कानामागचा रंग मी लावलेला नाही, तू उडवला होतास तसाच आहे.

दारात मी उभी असेन. नखं कापून ये.

ताई